मागं बघायचं काम

११ जानेवारी, शनिवार

ही वही खतवाल्याने फुकट दिली. दरसाल देतो, दरसाल मी कोनाड्यात टाकतो, तिथं पाली तिच्याखाली अंडी घालतात. औंदा लिहायला घेतली, कारण मला नंबर लिहायचेत. गाड्यांचे. इंडिकेटर न देता वळणारे, कट मारून जाणारे, मागून येऊन कानात हॉर्न वाजवणारे, सगळ्यांचे. यादी झाली का मंचरला नेऊन पोलिसापुढं ठेवणार. सातवीपर्यंत शाळा झालीया माझी. आकडे चांगले येतात. अक्षराचं सोडा.

झालं काय ते आधी लिहितो. बुधवारी मी आन माझी बायको कुशाबाई डिंभ्याहून परत येत व्हतो. तिची थोरली बहीण ठमाबाई तिथं दोन वर्सं अंथरुणाला खिळलीया. दर बुधवारी आमी निरगुडसरहून मोटारसायकलवर जातो. कुशाबाई बहिणीला न्हाऊ घालती, डोक्याला तेल लावून केस विंचरती, मग दोघी तासभर कुजबुजतात. मी बाहेर ओट्यावर बसून कोंबड्या मोजतो. तर परत येताना आमच्या वस्तीच्या रस्त्याला उजवीकडं वळलो आन मागून दुधाचा टेम्पो घासून गेला. आमी दोघं चरात. मला गुडघ्याला खरचटलं. कुशाबाईचं मनगट मोडलं. प्लास्टर, दीड महिना.

चूक टेम्पोची. इंडिकेटर-बिंडिकेटर राहू द्या, समोर माणूस वळतोय हे डोळ्याला दिसत न्हाई?

प्लास्टर ओलं असतानाच कुशाबाई म्हणली, "मी परत तुमच्या मागं बसायची न्हाई."

म्हणलं, "दुखतंय म्हणून बोलतीस."

"दुखतंय म्हणून न्हाई," ती म्हणली.

त्या दिवशी मंचरच्या चौकात मी तिला एक शब्द बोललो व्हतो, पण त्याचा आन ह्याचा काय संबंध न्हाई. तिला गाडीवर बसलं का हात बाहेर काढायची खोड. वाऱ्याची हौस. बांगड्या वाजत ऱ्हातात. त्या दिवशी एका मोटारवाल्याला तिचा हात लागता लागता राहिला, तवा मी म्हणलो, "हात आत घे कुशे. वरातीत बसलीस का?" तिने घेतला. एवढंच.

१५ जानेवारी, बुधवार

एकटाच डिंभ्याला गेलो. डबा, गोळ्या, खोबरेलाची बाटली.

रस्त्याला काय झालंय कळत न्हाई. आठ दिवसांत माणसं पार बिघडली. इतकी वर्सं ह्या रस्त्याने जातोय, कुणी ब्र काढला न्हाई. आज मंचरला एकाने शिवी दिली, घोडेगावच्या अलीकडं दोघांनी, आन पुढं एका बाईने. बाईने! स्कूटीवर व्हती. माझ्या बरोबरीने येऊन म्हणली, "बाबा, घरी सांगून आलाय का?" म्हणलं, घरी मी कशाला सांगू, घरच मला सांगतं. तिला ते कळलं न्हाई. गेली.

एकूण नऊ नंबर लिहिले. उसाच्या ट्रॅक्टरांचे धरले न्हाईत. त्यांच्या मागं ऊसच एवढा लोंबतो का नंबर बी दिसत न्हाई.

ठमाबाई दाराशी खाटेवर. मी तिला आक्का म्हणतो. बघितल्याबरोबर म्हणली, "दाजी, माझी बहीण कुठं ठेवली?"

"हात मोडलाय तिचा."

"कुणी मोडला?"

"टेम्पोने."

"टेम्पो आपल्या पायाने चालत आला का? पुढं कोण व्हतं?"

म्हणलं, "आक्का, तुमी वकील व्हायला पायजे व्हत्या."

"झाले असते तर पयलं तुमाला आत टाकलं असतं."

डबा उघडला बी न्हाई. म्हणली, "केसं बघा माझी. जटा झाल्यात. सुनेला म्हणलं विंचर, तर म्हणती कापून टाकू. कुशीला आणा, दाजी. तिच्या हाताशिवाय मी डोकं कुणाच्या हातात द्यायची न्हाई." आन तोंड भिंतीकडं.

१७ जानेवारी, शुक्रवार

कुशाबाईला म्हणलं, बुधवारी हळू नेतो. वीसच्या वर काटा जाणार न्हाई. बाजूला उशी बांधतो पायजे तर.

"उशीला बसवा मागं," ती म्हणली.

२० जानेवारी, सोमवार

यादी घेऊन मंचरला गेलो. सतरा नंबर झाले व्हते. चौकात पोलीस उभा व्हता, त्याच्या हातात वही दिली. त्याने सगळी वाचली, मनापासून वाचली. मग माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली.

"बाबा, आरसे कुठायत?"

"डावा गवताच्या भाऱ्यात अडकून तुटला."

"उजवा?"

"घरी हाय. पडवीत खिळ्याला लावलाय. दाढीला."

त्याने टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. म्हणला, "तुमची यादी मी ठेवून घेऊ का? त्यात अठरावा नंबर मला लिहायचाय." मी वही ओढून घेतली आन निघालो. मागून म्हणतोय, "सावकाश जा." म्हंजे काय? मी काय पळत व्हतो?

२२ जानेवारी, बुधवार

कुशाबाई एसटीने गेली. एकटी, गळ्यात हात बांधून. इथनं मंचर, मंचरहून घोडेगाव, आन तिथनं डिंभे, तीन गाड्या. डिंभ्याची गाडी म्हंजे आली तर आली.

मी जाणार न्हवतो. पण घरी बसून करू काय? गाडी काढली आन एसटीच्या मागं मागं गेलो. लांबून. घोडेगावच्या स्टँडवर ती बाकड्यावर बसली, मी समोर चहाच्या टपरीमागं उभा राहिलो. अकरा वाजले, साडेअकरा, एक. डिंभ्याची गाडी काय आली न्हाई. चार चहा झाले. टपरीवाला म्हणला, "पावणं, कुणावर पाळत ठेवलीया?" म्हणलं, "बायकोवर." तो म्हणला, "ह्या वयात?"

शेवटी गेलो तिच्यापुढं. म्हणलं, "योगायोगाने इकडं आलतो."

ती म्हणली, "सकाळपासून दिसतोय योगायोग. टपरीमागं तुमचं पागोटं मावत न्हाई."

"चल, बस. बारा किलोमीटर तर हाय."

तिने गाडीकडं बघितलं. उठेल असं वाटलं. एकदा पायात चप्पल सरकवली बी. मग तेलाची बाटली माझ्या हातात दिली. "आक्काला द्या. म्हणावं, आले व्हते घोडेगावपर्यंत." डोळ्यात पाणी व्हतं का ऊन लागलं ते मला कळलं न्हाई. मंचरची गाडी लागली, ती चढून गेली.

आक्काला बाटली दिली. आक्काने बाटली उशाखाली ठेवली. टोमणा मारला न्हाई. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी, गुरुवार

बाई घाबरलीया, एवढंच. भीती मोडायला पायजे. भीती कशी मोडायची ते बैलाचं माहीत, म्हशीचं माहीत, बायकोचं कुणी शिकवत न्हाई.

२९ जानेवारी, बुधवार

आज लई झालं. सगळं लिहितो.

सकाळी घोडेगावच्या चौकात उजवीकडं वळलो आन मागची एसटी अशी दाबून थांबली का आतली माणसं एकमेकांच्या मांडीवर. ड्रायव्हर खिडकीतून बघत राहिला. मी म्हणलं, ह्या लोकांना ऐकूच येत न्हाई, मोठा हॉर्न बसवायला पायजे. गेलो इरफानकडं. त्याचं गॅरेज चौकाच्या पुढंच. त्याचा बाप नवाबभाई व्हता तवापासून आमची गाडी तिथंच.

"इरफान, ट्रकचा असतो तसला हॉर्न बसव."

"कशाला बाबा?"

"लोकांना ऐकू यावं म्हणून."

"लोकांना ऐकू येतंय. तुमी कुठं वळणार ते दिसत न्हाई." खाली बसला, डाव्या मुठीवरचं एक बटण दाबायला लागला. दबंना. स्क्रू-ड्रायव्हर घातला, तेल सोडलं. "बाबा, हे शेवटचं कधी दाबलं?"

"काय हाय ते?"

"इंडिकेटर."

खरं लिहितो. मला वाटायचं ते बटण कंपनीने शोभेला दिलंय.

मग मागं गेला. मागचा एक दिवाच न्हाई, भाऱ्याच्या दोरीने कधी गेला कुणास ठाऊक. दुसऱ्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. वायर उंदराने खाल्लेली. इरफान म्हणला, "दहा एक वर्सं झाली असतील."

"मग दहा वर्सं मी वळलो कसा?"

इरफान हसायला लागला. मला वाटलं गाडीला हसतोय. म्हणला, "मावशी व्हत्या ना मागं."

"मावशीचं काय?"

"हात काढायच्या ना. उजवीकडं जायचं तर उजवीकडं, डावीकडं तर डावीकडं. थांबायचं असलं तर असा खाली वर." त्याने करून दाखवलं. "तुमी नीट बघा बाबा, रस्त्याला सगळे तुमाला काय म्हणतात म्हायती हाय का? हातवाल्या मावशीची गाडी."

मी म्हणलं, "वारा खाती ती."

तिथं एक खाकी कपड्यातला माणूस चहा पीत बसला व्हता. त्याच्या तोंडातला चहा बाहेर आला. बघितलं तर सकाळचाच एसटीचा ड्रायव्हर, चांगदेव त्याचं नाव. म्हणला, "बाबा, सहा वर्सं ह्या रूटला हाय मी. लांबून हिरवा चुडा बाहेर आलेला दिसला का माझा पाय आपोआप ब्रेकवर. मावशी आधी मागं बघणार, माझ्याकडं बघून मान हलवणार, मगच हात काढणार. आमच्या डेपोतल्या निम्म्या लोकांना तेवढी रीत न्हाई. तीन आठवडं झालं चुडा दिसंना. आमाला वाटलं मावशी गेल्या."

"गेली न्हाई. हात मोडलाय."

"मग तुमी काय भरवशावर वळताय?"

म्हणलं, इरफान, हॉर्न नको. दिवे लाव.

दिवे लावून झाले, पण डिंभ्याला गेलोच न्हाई. गाडी ढकलत न्यावी असं वाटलं. पण तीस किलोमीटर कोण ढकलतो? गेलो आपला कडंकडंने, प्रत्येक वळणाला खाली उतरून.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी विचारलं. ती एका हाताने भाकरी उलटत व्हती.

"कुशे, तू हात काढायचीस ते..."

"मग काय वारा खात व्हते?"

"कधीपासून?"

"गाडी आणली तवापासून. पयल्याच दिवशी तुमी न बघता वळला. मी म्हणलं ह्यांचं काय खरं न्हाई. आडवं बसलं का मागचा रस्ता दिसतो. बघायचं आन हात काढायचा. त्यात काय."

"मला सांगायचं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं?"

मी म्हशीला पाणी दाखवायला गेलो. परत आलो तर ती म्हणली, "त्या दिवशी तुमी म्हणला हात आत घे. घेतला. म्हणलं, बघू तुमचं तुमाला जमतंय का."

जमलं न्हाई ते तिच्या गळ्यात बांधलेलंच हाय.

म्हणलं, "आता दिवे लावलेत."

"दिवे लावलेत व्हय," ती म्हणली. आन भाकरी काढली.

५ फेब्रुवारी, बुधवार

नवे दिवे घेऊन डिंभ्याला. मंचरला उजवीकडं वळताना बटण दाबलं, टिक टिक वाजलं, मागचे थांबले. राजा झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्सं हे सुख फुकट पडून व्हतं.

पण लोकांचं काय बिनसलं कळंना. मंचरच्या पुढं येणारा-जाणारा माझ्याकडं बघून मूठ उघडतोय, मिटतोय, उघडतोय, मिटतोय. एकाला म्हणलं काय वेडावतोस? शाळेतल्या पोरी बी तेच. तिघांचे नंबर लिहिले. डिंभ्याला पोचलो, गाडी ओट्यापुढं लावली, तर आक्का खाटेवरून म्हणती, "दाजी, लगीन कुणाचं? दारात रोषणाई केली."

मंचरपासनं उजवा दिवा चालूच व्हता. बंद करायला बी लागतो हे इरफान बोलला न्हाई. निम्मा तालुका मला सांगत व्हता, आन मी निम्म्या तालुक्याचे नंबर लिहीत व्हतो.

आक्का हसली मात्र. लई दिवसांनी. डबा निम्मा खाल्ला. मग परत तेच, "कुशी?"

म्हणलं, आणतो.

"कवा?"

९ फेब्रुवारी, रविवार

कुशाबाईला म्हणलं, "तू स्वतः बघ. नाक्यावर बस, मी गाडी चालवून दाखवतो. पटलं तर बस मागं."

एवढ्या गंभीरपणाने घे असं मी म्हणलं न्हवतं. पण ती हरभऱ्याचा ढाळा घेऊन वस्तीच्या फाट्यावर मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली, पदर खोचून, परीक्षेला मास्तर बसतो तशी. मी डांबरीने लांब जाऊन आलो. फाटा आला, बटण दाबलं, टिक टिक, वळलो, बटण बंद केलं. बंद केलं हे मुद्दाम लिहितो.

"नापास," ती म्हणली. तोंडात हरभरा.

"का? दिवा लावला न्हाई?"

"लावला. मागं कोण व्हतं?"

"कोण व्हतं?"

तिने बोट केलं. सायकलवरचा पाववाला चरात उभा. एक पाय पाण्यात, पावाची पेटी डोक्यावर धरलेली. माझ्याकडं बघत व्हता. मी हात केला, त्याने केला न्हाई.

"दिवा लावला म्हंजे रस्त्याचा सातबारा तुमच्या नावावर झाला का?" कुशाबाई म्हणली. "हात काढायच्या आधी मी मागं बघायची. बघणं म्हंजे काम. हात काय, नुसता हात."

म्हणलं, एवढं सगळं तू कुठं शिकलीस?

"भीतीने," ती म्हणली.

१० फेब्रुवारी, सोमवार

यादी काढली. सव्वीस नंबर. प्रत्येकापुढं आठवून बघितलं, ह्याने नक्की काय केलं व्हतं. सोळाजणांनी मला शिवी दिली व्हती, ती का दिली ते आता कळतंय. तिघांनी मूठ उघडली-मिटली. एक दूधवाला. तो सगळ्यांत वर व्हता, दोन रेघा मारून.

माझा नंबर कुठंच न्हाई. लिहिला. पानावर जागा न्हवती, तर वर छापलेल्या गणपतीच्या बाजूला लिहिला. देवाला काय वाटलं असंल.

खरे नालायक किती उरले? सहा. सहा म्हंजे काय लई न्हाईत. त्यातला एक आमच्या मेहुण्याचा पोरगा, तो मुळातला नालायक हाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पडवीतला आरसा काढून गाडीला लावला. आता दाढी गाडीवर बसून करतो. शेजारची अंबाबाई विचारत व्हती, सकाळी सकाळी कुठं निघालाय तोंडाला फेस लावून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एकट्याने गाडी हलकी लागती. लई हलकी. खड्ड्यात उडती. पेट्रोल वाचत असंल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आक्का खालावलीया. तीन दिवस नुसता चहा. सून म्हणली, डॉक्टर येऊन गेला, वय झालं म्हणला. गालाची हाडं वर आलीत. केसांचा नुसता गुंता, तेलाची बाटली उशाखाली तशीच, भरलेली.

"दाजी, आज बी एकटेच?"

"उद्या प्लास्टर काढतात तिचं, आक्का."

"मग पुढच्या बुधवारी आणा. शिवरात्र हाय. मला न्हाऊन बसायचंय." मग थोड्या वेळाने, "तिला म्हणावं, त्याच्या पुढं माझा भरवसा धरू नको."

घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. कुशाबाई म्हणली, "एसटीने जाईन. पहाटेच्या गाडीने."

बोलायचा हक्क एकदा वापरलाय मी, मंचरच्या चौकात.

२३ फेब्रुवारी, रविवार

प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालंय, जळणाच्या काटकीवानी. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मूठ नीट मिटत न्हाई.

सांगितलं न्हवतं तरी ती मोरीवर जाऊन बसली. मी बघून न बघितल्यासारखं करून गाडी काढली. चार फेऱ्या मारल्या. आरशात बघायचं, मान वळवून बघायचं, बटण, परत बघायचं, मग वळायचं. एवढी कामं एका वळणाला! दुसऱ्या फेरीत मागं बघत बसलो आन पुढं शेळी आली. तिसऱ्या फेरीला पाववाला मागून आला तर मी थांबूनच राहिलो. तो बी थांबला. तू जा म्हणतोय, मी म्हणतोय तू जा. शेवटी तो हसला. मला एक पाव दिला.

कुशाबाईला विचारलं, "किती मार्क?"

"पाव द्या इकडं," ती म्हणली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळ. डिंभ्याहून आत्ताच आलो. हात धुवायच्या आधी लिहितो.

आज शिवरात्र. पहाटेची एसटी आमच्या थांब्यावर थांबलीच न्हाई, माणसं दाराला लोंबत व्हती. दुसरी आली, ती बी तशीच. सगळा मुलूख भीमाशंकरला निघालेला. कुशाबाई पिशवी घेऊन साडेआठपर्यंत उभी. मी अंगणात गाडी पुसत व्हतो. चारदा पुसली. पाचव्यांदा पुसत असताना ती फाटकातनं आत आली, पिशवी हँडलला अडकवली.

"काढा."

"बसतीस?"

"आक्का वाट बघतीया," ती म्हणली. "तुमच्यासाठी बसत न्हाई."

म्हणलं, कुणासाठी का बस.

मंचरपर्यंत ती पार काठावर बसली व्हती, उतरायच्या तयारीने. मला पाठीला कळतं. मंचरला रस्त्यावर मोटारीच मोटारी, पुण्या-मुंबईच्या. दिवा कोण लावत न्हाई, जागा दिसली का घुसतात. एक पांढरी मोटार माझ्या पुढच्या चाकाला चाटून डावीकडं गेली. एरवी मी तिच्या मागं लागून नंबर घेतला असता. आज म्हणलं, जा बाबा, तुझ्या मागं बी कुणीतरी बसलं असंल. प्रत्येक वळणाला बघितलं, दिवा लावला, बघितलं. कुशाबाईचा हात माझ्या खांद्यावर व्हता. बाहेर गेला न्हाई. एकदा घोडेगावच्या चौकात बोटं उचलली तिने, मला कळलं. परत टेकवली.

चौकात चांगदेवची एसटी मागंच व्हती. त्याने डिप्पर मारला, मी मान हलवली, तो थांबला, मी वळलो.

डिंभ्याला आक्काने बहिणीला बघितलं आन पयलं वाक्य काय बोलावं? "मनगट दाव." बघितलं, दाबून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी ओट्यावर गेलो, कोंबड्या मोजायला. आतनं पाण्याचा आवाज आला, मग दोघींचा. कुशाबाईच्या मुठीत जोर न्हाई, तर एक फणी धरायची, एक बट धरायची, असा दोघींनी मिळून गुंता काढला. दोन तास लागले. आक्का न्हाऊन, केस पाठीवर सोडून, खाटेवर उशाला टेकून बसली. निम्मी भाकरी खाल्ली, दूध प्याली. पुढच्या बुधवारचं विचारलं न्हाई. निघताना कुशाबाईच म्हणली, "येते बुधवारी." आक्का म्हणली, "कशाने?" कुशाबाईने माझ्याकडं बोट केलं.

आता एक गोष्ट लिहायची राहिली, ती मला पटली न्हाई. येताना घोडेगावच्या अलीकडं, भीमाशंकरहून परतणाऱ्या गाड्यांचा लोंढा आमच्या मागं लागला. एसट्या, जीपा, टेम्पो, सगळे एकमेकांच्या अंगावर. आमाला उजवीकडं वळायचं, इरफानकडं हवा भरायला. लई अवघड जागा. मी आरशात बघितलं, पुरेना, म्हणून मान पार मागं वळवली. तर कुशाबाई डोळं मिटून बसलेली. मान माझ्या पाठीला टेकवून, हात मांडीवर, निवांत, देवळात बसावं तशी.

मी वळलो, गॅरेजपुढं गाडी लावली आन तिला झापलं. "कुशे, झोपतीस काय? एवढ्या गर्दीत? पडली असतीस म्हंजे?"

"झोपले न्हाई," ती म्हणली. "बसले व्हते नुसती."

आता ह्याला काय म्हणावं? इतकी वर्सं टक्क डोळ्यांनी मागं बघणारी बाई, आन आज खऱ्या गर्दीत डोळं मिटती. बेफिकीर झालीया. बुधवारी निघताना नीट सांगणार हाय तिला.